हॅज हॅड



नववीत बाईंनी फळ्यावर 'शी हॅज हॅड फीवर' लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून हसू फुटलं होतं. हसणारा मीच. 'तिला तीन दिवस ताप आहे' एवढ्यावर मराठीत भागतं, मग इंग्रजीत दोनदा 'हॅ हॅ' कशाला?

पुढे बंगळुरूला नोकरीत असताना आई तापाने आजारी पडली. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड. फोनवर म्हणालो, 'शी हॅड फीवर फॉर थ्री डेज.' ते म्हणाले, सोमवारी आणा. त्यांना वाटलं, ताप येऊन गेला. चूक माझीच.

फोन ठेवला आणि बाईंची खडूची रेघ आठवली. 'हॅड'ची रेघ मागेच थांबते; 'हॅज हॅड'ची आजच्या ठिपक्याला येऊन भिडते. पुन्हा फोन लावला. 'शी हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज.' या वेळी उत्तर आलं, लगेच घेऊन या. टायफॉइड निघाला.

आई आता 81 वर्षांची आहे. मला अजून ओरडते.

'सिन्स थ्री डेज' मात्र अधूनमधून तोंडून निघतंच, बाई.