बालवर्ग आणि शिकाऊ शिक्षिका

लहान मुलांना शिकविणें म्हणजे हलकें काम, असा समज सुशिक्षित घरांतूनसुद्धां पुष्कळदां आढळतो. वस्तुतः शिक्षकी पेशांतील सर्वांत कठीण परीक्षा बालवर्गांतच होते. मोठा विद्यार्थी कंटाळला तर निदान मुकाट्यानें बसतो. पांच-सहा वर्षांचें मूल कंटाळलें कीं उठून चालूं लागतें, शेजाऱ्याचा खडू ओढतें, किंवा आईसाठीं भोकाड पसरतें. पदविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालूं असतां प्रत्यक्ष पाठ घेण्यासाठीं शाळेंत जाणाऱ्या शिकाऊ शिक्षिकेला हा अनुभव पहिल्या आठवड्यांतच येतो. वहींतलें टांचण सुरेख असतें. वर्गांत मात्र टांचणाप्रमाणें कांहींच घडत नाहीं.

अशा वेळीं सुचणारा पहिला उपाय म्हणजे आवाज चढविणें, आणि दुसरा म्हणजे पट्टी उगारणें. दुसऱ्याला कायद्याचीच बंदी आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासंबंधींच्या २००९ च्या कायद्याचें सतरावें कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही मनाई करतें. पहिल्या उपायाच्या आड कायदा येत नाहीं, पण अनुभव येतो. बाई ओरडल्या कीं मुलें क्षणभर दचकतात, आणि मग त्यांच्या आवाजावर आपला आवाज काढतात. धाकानें मिळते ती शांतता. शिकण्याला हवें असतें तें अवधान.

म्हणून गोंधळ मोडण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें पाहावें. बहुधा तो रिकाम्या हातांचा असतो. पंचवीस मुलांनीं स्वस्थ बसून फळ्याकडे पाहावें, ही अपेक्षाच त्या वयाला झेपणारी नसते. दहा-पंधरा मिनिटांनीं काम बदलावें. बैठ्या कामानंतर हालचालीचें काम द्यावें. मोजायला चिंचोके, खडे, कापसाच्या गांवीं सरकी द्यावी. रडणाऱ्या मुलाला समजुतीच्या शब्दांपेक्षां एखादें काम लौकर उगी करतें. पाट्या वांटण्याचा किंवा रोपाला पाणी घालण्याचा मान मिळाला कीं तें आपलें दुःख हळूहळू विसरतें. मारकुटें म्हणून ज्याची ख्याति झालेली असते, तें मूल कित्येकदां केवळ आपल्याकडे कोणी पाहावें एवढ्यासाठींच हात उगारीत असतें.

पण प्रत्येक अडचण गोंधळाच्याच रूपानें येते असें नाहीं. जालना जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून १ मे १९८१ रोजीं हा जिल्हा झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. घरची भाषा एक आणि विद्येची भाषा दुसरी, हें ओझें येथल्या जुन्या पिढ्यांनीं वाहिलेलें आहे. आज तेंच ओझें निराळ्या रीतीनें बंजारा तांड्यावरच्या लहानग्याच्या वांट्याला येतें. घरीं तो गोरबोली बोलतो. शाळेंतली मराठी त्याला परकी वाटते. तो गप्प बसतो, आणि नवी बाई त्याला मंद समजते. हा गैरसमज गोंधळापेक्षां घातक होय, कारण गोंधळ तरी ऐकूं येतो. पाणी, भाकरी, आई, ये, बस, एवढे शब्द जरी बाईंनीं त्याच्याकडून शिकून घेतले, तरी त्याचें तोंड उघडतें. शिवाय बाईंनाही शिकावें लागतें, हें सगळा वर्ग पाहतो.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कांहीं मुलें आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. बाकीचीं फडावर जातात. परतलेल्या मुलाला पहिला शब्द कोणता ऐकूं येतो, यावर पुष्कळ अवलंबून असतें. “इतके दिवस कुठें होतास?” असा दरडावणीचा प्रश्न झाला, तर तें दुसऱ्या दिवशीं येईलच याची खात्री नाहीं. “ये, तुझी जागा ठेवली आहे,” असें म्हणून, जेथें त्याचें शिकणें थांबलें होतें तेथूनच पुढें नेलें, तर तें टिकतें.

मूल शाळेंत टिकत नसेल तर दोष मुलाचा कीं शाळेचा, हा प्रश्न महाराष्ट्रांत पूर्वींच सोडविला गेला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या समवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येईनात. कोणाला धाकटें भावंड सांभाळायचें असे, कोणाला गुरें. तेव्हां या दोघींनीं बालवाडीच पाड्याच्या अंगणांत नेली, आणि गुराख्यांसाठीं कुरणांत शाळा भरविली. महागड्या साधनांची जागा पानें, बिया, शिंपले यांनीं घेतली. त्या अंगणांतूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर तो देशभर पोंचला. शिकाऊ शिक्षिकेनें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच, कीं मूल वर्गाच्या मापांत बसत नसेल तर आधीं माप तपासावें.

यांत घरांचाही वांटा आहे. “थांब, बाईंना सांगतें,” हा धाक शहरांतल्या शिकलेल्या घरांतूनही सर्रास घातला जातो. बाईंच्या पदरीं मग आधींच भ्यालेलें मूल पडतें, आणि तिचे पहिले पंधरा दिवस ती भीति घालविण्यांतच खर्ची पडतात. घरांनीं एवढा धाक जरी सोडला तरी तिचें अर्धें काम हलकें होईल.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. तेथें १६०८ सालीं त्यांचा जन्म झाला. लोकांना शिकवूं पाहणाऱ्यानें लहान मुलाच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळवून, सावकाश चालावें, अशा आशयाचा उपदेश दासबोधांत आहे. समर्थांनीं मुलाचा दाखला मोठ्यांना शिकविण्यासाठीं दिला. बालवर्गांत उभ्या राहणाऱ्या नव्या शिक्षिकेला तो दाखला नव्हे, रोजचें काम आहे. टांचण मागें पडलें तरी चालेल. मूल मागें पडतां कामा नये.