‘एकवीस’ की ‘वीस एक’?



२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ हे वाचन आले आणि विधिमंडळापर्यंत त्याची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा बालकाच्या अडचणीचा होता. ‘त्र्याण्णव’ लिहिताना आधी नऊ, उच्चारताना आधी तीन; वर जोडाक्षर! सोलापूरशेजारची कन्नड ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एकच म्हणते. आक्षेपही अगदी पोकळ नव्हता. ‘एकवीस’ हे संस्कृत ‘एकविंशति’चे अपत्य, शिवाय वैरागच्या बाजारात ‘नव्वद तीन’ रुपये कोण मागणार? परंतु जुनी रीत पुस्तकातून काढलेलीच नव्हती. टीकाकारांपैकी कितींनी ते उघडले होते? नव्वद आणि तीन मिळून त्र्याण्णव, एवढे दाखविण्यास शिक्षकाला फळ्यावर एक ओळ पुरते.