हौशी गोल्फ आणि प्रामाणिक हिशेब

सुटीच्या दिवशीं सकाळींच काठ्यांची पिशवी घेऊन गोल्फच्या मैदानाकडे निघणाऱ्या हौशी गृहस्थांची एक ठराविक तक्रार असते : "इतकीं वर्षें खेळतों आहें, पण खेळ होता तेथेंच आहे!" या तक्रारीस उपाय आहे. तो नव्या काठ्यांत नाहीं, दंडाच्या जोरांतहि नाहीं. तो हिशेबांत आहे.

प्रथम या खेळाचें अंकगणित पाहूं. १८ होलांच्या ज्या मैदानाचा 'पार' ७२ असतो, तेथें निष्णात खेळाडूनें ७२ फटक्यांत फेरी पुरी करावी अशी अपेक्षा असते. त्यांपैकीं दर होलास दोन याप्रमाणें ३६ फटके 'पट'साठीं, म्हणजे हिरवळीवरून चेंडू घरंगळत भोकांत नेण्यासाठीं, धरलेले असतात. अर्धा खेळ येथेंच आला! भोक अवघें सव्वाचार इंच रुंद. आणि दोनशें यार्डांचा टोला व तीन इंचांचा पट यांची किंमत एकच, एक फटका. असें असून आमचा हौशी खेळाडू सरावाला गेला म्हणजे सर्वांत लांब काठीनें पन्नास चेंडू दूर भिरकावतो आणि पटरला हातहि न लावतां घरीं परततो. घरीं कॅरम खेळणाऱ्या मुलांना मात्र हें पक्कें ठाऊक असतें, कीं नुसत्या जोरानें स्ट्रायकर मारणाऱ्याची सोंगटी क्वचितच घरांत जाते.

म्हणून पहिली गोष्ट ही, कीं खिशांत एक लहानशी वही ठेवावी. तींत चार रकाने असावेत : टीवरून आणि लांबून मारलेले टोले, हिरवळीजवळचे आंखूड फटके, पट, आणि दंडाचे फटके. पांचसहा फेऱ्यांचे आंकडे जमले, कीं आपले फटके कोठें गळतात हें गुरूवांचून कळतें. पुष्कळांना असें आढळेल, कीं दर हिरवळीवर तीन तीन पट लागतात; म्हणजे एका फेरींत १८ फटके तेथेंच जास्त गेले. दुसऱ्या कोणाला दंडाचा रकाना डोळ्यांत भरेल. टोला हद्दीबाहेर गेला, कीं एक फटका दंड होतो आणि पुन्हां पहिल्याच जागेवरून मारावें लागतें. दोन फटके खर्च होऊन चेंडू जागचा हललेला नसतो! अशा माणसानें अरुंद जागीं सर्वांत लांब काठीचा मोह सोडावा. पन्नास यार्ड कमी गेले तरी चालतील, चेंडू मैदानांत राहिला पाहिजे.

सरावाचा अर्धा वेळ हिरवळीपाशीं द्यावा. लांबच्या पटांत आधीं अंतराचा अंदाज साधावा. तीस फुटांवरून चेंडू भोकांत पडावा ही हाव न धरतां तो भोकाच्या दोन फुटांच्या आंत थांबावा, एवढेंच पाहावें. मग तीन फुटांचे पट पुनःपुन्हां करावे. चेंडू हिरवळीच्या अगदीं कडेला असेल, तर तो उंच उडविण्यापेक्षां कमी उतरत्या तोंडाच्या काठीनें थोडासा उचलून बाकीचें अंतर घरंगळूं द्यावा. हिरवळीजवळच्या वाळूच्या खड्ड्यांत मात्र चेंडूवर घाव न घालतां त्याच्या मागें एकदोन इंचांवर वाळूंत काठी घालावी. वाळूच त्याला बाहेर काढते.

परंतु या साऱ्याचा पाया असलेली वही खरी असली पाहिजे. २०२० सालापासून जगांत एकच हँडिकॅप-पद्धति लागू झाली. तींत शेवटच्या २० फेऱ्यांपैकीं उत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून खेळाडूची पायरी ठरते. एक फटका लपविला, तर पायरी खोटी, आणि सुधारणेची वाटहि खोटी.

येथें बॉबी जोन्सची आठवण होते. हा अमेरिकन खेळाडू ऐन भरांत असतांनाहि हौशीच राहिला. १९२१ सालीं सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटिश ओपन सामन्यांत, वयाच्या १९ व्या वर्षीं, तिसऱ्या फेरींत अकराव्या होलापाशीं तो वाळूच्या खड्ड्यांत अडकला आणि संतापून त्यानें ती फेरी अर्ध्यावर सोडली. चार वर्षांनीं, १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्यें, काठी टेकतांना चेंडू किंचित् हलला असें त्याला वाटलें. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें. त्यानें स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. सामना बरोबरींत सुटला, आणि पुढच्या निर्णायक खेळांत तो एकाच फटक्यानें हरला. तोच जोन्स १९२७ सालीं सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन जिंकला, आणि १९३० सालीं ब्रिटन व अमेरिका यांच्या चारहि मोठ्या स्पर्धा एका वर्षांत जिंकून २८ व्या वर्षीं स्पर्धांतून निवृत्त झाला. १९५८ सालीं सेंट अँड्र्यूजनें त्याला नगराचें सन्मान्य नागरिकत्व दिलें. ज्या गांवीं तो एके काळीं खेळ टाकून गेला होता, त्याच गांवानें!

जोन्सचा हात आपल्याला लाभणार नाहीं. पण संताप आवरणें आणि जो फटका गेला तो गेला असें मान्य करून लिहिणें, हें कोणालाहि साधण्याजोगें आहे. येत्या रविवारीं वही बरोबर न्या. पहिल्या पानावरची बेरीज पाहून मन खट्टू होईल. तरी तें पान फाडूं नका. सहा महिन्यांनीं तुलनेला तेंच उपयोगी पडेल.