शिल्लक पुढे जाते, वही जात नाही



आज आपण बचतीचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज एका प्रश्नावर बोलायचं आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे गावोगावच्या विहारांत बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचला जातो. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाया संध्याकाळी हातपाय धुऊन तिथे बसतात. वाचन झालं की गप्पा होतात, आणि या वर्षी एका आजींनी सरळ विचारलं, "बुद्ध म्हणतात आत्मा नाही. मग पुनर्जन्म होतो तो कोणाचा? जाणाराच नाही तर येतो कोण?"

काही जणी हसल्या. पण हा प्रश्न हसण्यासारखा नाही. खुद्द बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार अवघड प्रश्न मांडले आहेत आणि त्यांतला एक नेमका हाच आहे. हा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. म्हणजे आजींना जे खटकलं ते बाबासाहेबांनाही विचार करण्याजोगं वाटलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या खोलात आपण कशाला जायचं? सांगते. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. हळदीकुंकवाला, बारशाला, नळावर, जिथे जाईल तिथे तिला एकच ऐकावं लागायचं, "मागच्या जन्मी काहीतरी केलं असशील, ते आता फेडतेस." ती चारचौघींत यायची बंद झाली. त्याहून वाईट म्हणजे, हे भोगच आहेत असं घरच्यांनी धरलं आणि मुलाची तपासणी लांबत गेली. तेव्हा मागच्या जन्माचा प्रश्न विहारापुरता राहत नाही. तो बाईच्या अंगावर येतो, लेकराच्या उपचारावर येतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी आत्मा नाही म्हणजे काय ते पाहू. बुद्धांच्या काळात एक भिक्खुणी होत्या, वजिरा. पाली ग्रंथांत त्यांची गोष्ट आहे. त्या दुपारी झाडाखाली बसल्या असताना मार त्यांना घाबरवायला आला. मार म्हणजे मनाला भुलवणारा, भिववणारा. त्याने विचारलं, हा जीव कोणी घडवला, तो येतो कुठून आणि जातो कुठे? वजिरा डगमगल्या नाहीत. त्यांनी रथाचा दाखला दिला. भाग जुळले की आपण त्याला रथ म्हणतो. तसंच हे सगळे घटक जुळले की आपण माणूस म्हणतो.

आपण बैलगाडी घेऊ. चाकं काढून ठेवा, आस काढा, जू काढा, फळ्या काढा. आता यात गाडी कुठे आहे ते दाखवा. चाक म्हणजे गाडी नाही, जू म्हणजेही गाडी नाही. आणि सगळं बाजूला काढल्यावर उरलेली वेगळी अशी गाडीही नाही. तरी कालपर्यंत त्या गाडीतून कापूस गेलाच ना बाजारात? म्हणजे गाडी खोटी नव्हती. फक्त तिच्या आत लपलेली दुसरी गाडी नव्हती. माणसाचंही असंच. शरीर, सुखदुःखाची जाणीव, ओळख, मनाच्या सवयी आणि भान, असे पाच घटक बुद्धांनी सांगितले. हे पाचही सारखे बदलत असतात. त्यांच्या आत कधीच न बदलणारा कोणी मालक बसलेला नाही. यालाच अनात्म म्हणतात.

आता आजींचा प्रश्न. मालकच नाही, तर पुढे जातं काय?

आपल्या गटाची वही डोळ्यांसमोर आणा. 31 मार्चला जुनी वही संपते. शेवटच्या पानावर शिल्लक काढतो आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो, मागील शिल्लक. जुन्या वहीचा कागद नव्या वहीत गेला का? नाही. शाई गेली का? तीही नाही. मग नव्या वहीचा जुनीशी काही संबंध नाही असं म्हणता येईल का? म्हणून बघा बरं! ज्यांच्याकडे कर्ज थकलंय त्या सगळ्या टाळ्या वाजवतील. वही तीच नाही, पण परकीही नाही. एकीवरून दुसरी सुरू झाली आहे.

एखादी हुशार बाई इथे मला अडवेल, "ताई, वही लिहायला सचिव लागते. मग इथे लिहिणारा कोण?" बरोबर आहे. वहीचा दाखला इथवरच चालतो, कारण बुद्धांच्या सांगण्यात वर बसून हिशेब लिहिणारा कोणी नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात चला. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आज दुधात घातलं. सकाळी दही लागलं. कोणी लिहिलं नाही, कोणी हुकूम दिला नाही. विरजण आंबट असेल तर दही आंबट, चांगलं असेल तर चांगलं. आजचं दही म्हणजे कालचं दही नव्हे. पण कालच्याशिवाय ते लागलंच नसतं. कारण आहे म्हणून परिणाम आहे, एवढीच साखळी. बुद्धांनी तिला प्रतीत्यसमुत्पाद म्हटलं. शब्द अवघड आहे, गोष्ट रोजची आहे.

खुद्द बुद्धांच्या एका शिष्याचाही इथे गोंधळ झाला होता. त्याचं नाव साती, कोळ्याचा मुलगा. तो म्हणायचा की माणसाचं भान, म्हणजे विज्ञान, तेच्या तेच या जन्मातून त्या जन्मात फिरत जातं. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं आणि असं मी कधी शिकवलं नाही म्हणून स्पष्ट सुनावलं. दाखला दिला तो आपल्या चुलीचा. लाकडावर पेटला तो लाकडाचा विस्तव, गोवरीवर पेटला तो गोवरीचा. जळण असेल तसा विस्तव. भानही असंच कशाच्या तरी आधाराने उठतं, सुटं फिरत नाही.

मग कोणी म्हणेल, "मी कालची उरलेच नाही, तर कालच्या कामाचा जाब मला कशाला?" याचंही उत्तर जुन्या ग्रंथात आहे. मिलिंद नावाचा ग्रीक राजा पंजाबाकडे राज्य करायचा. त्याने नागसेन नावाच्या भिक्खूंना हेच प्रश्न विचारले. बाबासाहेबांनी छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, 1950 साली कॉलेज काढलं त्याला मिलिंदांचं नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, ते याच दोघांवरून. नागसेन म्हणाले, समजा एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर चोर म्हणतो, "याने पेरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. मी याचं काही घेतलंच नाही." सोडाल का त्याला? राजा म्हणाला, नाही सोडणार, कारण पेरलेल्या आंब्यापासूनच हे आंबे आले. आपल्याकडेही एखादा दादला म्हणेल, "कर्ज उचललं तो मी वेगळा होतो." चालेल का गटात? आत्मा नाही म्हणून जबाबदारी सुटत नाही.

इथे एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी. सगळे बौद्ध याबाबत एकसारखं मानत नाहीत. श्रीलंका, म्यानमार, तिबेट इथले बौद्ध मरणानंतर पुढच्या जन्माची साखळी मानतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाया तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचे गुरू दलाई लामा हे आधीच्या दलाई लामांचा पुढचा जन्म आहेत असं ते मानतात. पण तेही न बदलणारा आत्मा मानत नाहीत.

बाबासाहेबांनी मात्र वेगळी मांडणी केली. त्यांनी विचारलं, पुनर्जन्म कशाचा? आणि उत्तर दिलं, आत्म्याचा नाही, तर द्रव्याचा. शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू यांचं बनलेलं. मरणानंतर हे घटक नाहीसे होत नाहीत, ते निसर्गातल्या आपापल्या साठ्याला मिळतात आणि त्यातून पुन्हा नवं जीवन घडतं. शेतात गाडलेल्या पाल्याचं खत होतं, खतातून पीक येतं. पण तोच पाला, तेच पान परत येत नाही. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी गरिबी आणि हलकेपणा, हे त्यांनी मान्य केलं नाही. असं मानलं की समाज आणि सरकार दोघेही गरिबाच्या हालांतून हात झटकून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता त्या ताईकडे वळू. समजा, कोणी पुढच्या जन्माची साखळी मानणारी बाई आहे. ती म्हणेल, "शिल्लक पुढे येते असं तुम्हीच म्हणालात. मग पोराला ऐकू येत नाही ती मागची बाकीच की." याचंही उत्तर बुद्धांनी दिलेलं आहे. मोलियसीवक नावाच्या एका परिव्राजकाने त्यांना विचारलं, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं मागच्या कर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्धांनी कारणांची यादीच दिली. पित्त, कफ, वात, हे तिन्ही मिळून, ऋतू बदलल्यामुळे, नीट काळजी न घेतल्यामुळे, कोणी इजा केल्यामुळे. कर्माचं फळ हे त्यांनी सर्वांत शेवटी, आठांतलं एक म्हणून ठेवलं. आणि सगळं दुःख मागच्या कर्माचंच म्हणणारे लोक माहितीच्या पलीकडचं बोलतात, असंही सांगितलं.

मैत्रिणींनो, बघा, पुनर्जन्म मानणारी असो की न मानणारी, दोघींनाही त्या ताईवर बोट ठेवायला जागा उरत नाही. लेकराला ऐकू येत नाही याची कारणं डॉक्टर शोधतात. गरोदरपणातला आजार असेल, जन्माच्या वेळची अडचण असेल, रक्तातून आलेलं असेल. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी होते, दिव्यांग प्रमाणपत्राची माहितीही तिथेच मिळते. लहान वयात जितक्या लवकर कळेल तितकं बोलणं शिकवायला बरं. भोग म्हणून गप्प बसलात तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

कर्माचा विचार मागे वळून दुसरीला डाग लावण्यासाठी नाही, पुढचं विरजण चांगलं घालण्यासाठी आहे. आज मी काय बोलते, काय करते, मुलीला शाळेत पाठवते की नाही, सुनेशी कशी वागते, त्याचं दही उद्या लागणारच आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आज आपला नवा जन्म होतो आहे, अशा अर्थाची एक प्रतिज्ञा आहे. मरायची वाट न पाहता, याच देहात, याच गावात, नवा जन्म. यासाठी कुठून आत्मा यावा लागला नाही. माणसांनी ठरवलं आणि वागणं बदललं.

येत्या मासिक बैठकीत वसुली झाली की पाच मिनिटं काढा. गावात कोणत्या बाईला "मागच्या जन्मीचं" म्हणून ऐकवलं जातं, ते एकमेकींना विचारा. विधवा असेल, मूल नसलेली असेल, लागोपाठ मुलीच झालेली असेल. दोघी जणी तिच्या घरी जा, आणि पुढच्या बैठकीला तिला सोबत घेऊनच या.