आप्पेपात्राचे घराणे

मराठी माणसाला ग्वाल्हेर हे नाव ऐकताच गाणे आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) तिथली गायकी महाराष्ट्रात आणली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ह्याच वाटेने उलट दिशेने गेलेल्या वस्तूंची नोंद कोणी ठेवलेली नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 'लष्कर' हे शहर उभे राहिले. त्यापूर्वी आणि नंतरही पिढ्यान् पिढ्या दक्षिणेतून माणसे तिकडे गेली, ती पोथ्या, देव आणि स्वयंपाकघरातील भांडी बरोबर घेऊन. त्या भांड्यांत एक ओबडधोबड आणि जड भांडे असे: बिडाचे आप्पेपात्र.

सर्वच घरांत ते होते असे नाही. देशावरून गेलेल्यांना पुरणपोळीचा अभिमान. आप्पे मुख्यतः कोकणातले, गोव्यातले आणि कर्नाटकाच्या सीमेवरचे. लष्करच्या वाड्यांतून निघून मुरारच्या वाटेवरील थाटीपुरासारख्या वसाहतींत राहावयास गेलेल्या कुटुंबांपैकी ज्यांचे मूळ तिकडचे, त्यांच्यापुढे एक अडचण कायमची उभी राहिली. पदार्थ कोकणचा आणि हवा चंबळेची. कोकणात गोड आप्प्याला तांदळाचा रवा, गूळ, नारळाचे दूध आणि पिकलेले केळे किंवा फणसाचा रस लागतो. ग्वाल्हेरीत गहू हवा तेवढा, पण ओला नारळ म्हणजे लांबून येणारा पाहुणा. तेव्हा तांदळाच्या जागी गव्हाचा रवा आला, नारळाच्या दुधाच्या जागी गाईम्हशीचे दूध आले आणि खोबरे आले ते सुके.

तिखट आप्प्यांची गोष्ट आणखी कठीण. तांदूळ आणि उडीद डाळ ह्यांचे प्रमाण घरोघर निराळे, कुठे तिनास एक तर कुठे चारास एक. पण पीठ आंबले पाहिजे ह्यावर सर्वांचे एकमत. ज्येष्ठात, पारा पंचेचाळिसाला टेकला असता, ते दुपारपर्यंत आंबून आंबटढाण होते. पौषात तेच पीठ रात्रभर पातेल्यात निश्चल पडून राहते. मग पातेले घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवावे, किंवा आंबवण्याचा नादच सोडून रवा ताकात भिजवावा. ही युक्ती कोणत्याही पाकपुस्तकातून आलेली नसते. सासूने सुनेला सांगितलेली ती गोष्ट असते, आणि बहुधा एकदा पीठ बिघडल्यावरच सांगितलेली. शेजारच्या हिंदी भाषक घरांत गुळाच्या कणकेचे गुलगुले तळतात. आप्पे पाहून शेजारणीने त्यांना गुलगुल्यांचे भाऊबंद ठरवले, तर तिला दोष देता येणार नाही.

असाच खळग्यांचा तवा हजारो कोसांवर डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत चुलीवर चढतो. तो बहुधा सात खळग्यांचा असतो. त्यात होणाऱ्या गोळ्यांना 'एब्लेस्कीवर' म्हणतात. शब्दार्थ सफरचंदाच्या चकत्या असा असला, तरी आज त्यात सफरचंद बहुधा नसते. मैदा, अंडी आणि ताक हे मुख्य घटक. आणि नवल असे की त्यात पुष्कळ घरी वेलदोड्याची पूड पडते, जशी आपल्या गोड आप्प्यांत. फरक उलटण्यात आहे. आपल्याकडे सळईने किंवा चमच्याने आप्पा एकदाच उलटतात. डॅनिश गृहिणी विणकामाच्या सुईने तो थोडा थोडा फिरवीत जाते. वरचे कच्चे पीठ खाली ओघळते आणि पूर्ण गोल चेंडू तयार होतो. वर साखरेची पूड, बाजूला मुरांबा. १९११ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॉल्व्हँग हे गाव डॅनिश लोकांनी वसवले, तिथे हा पदार्थ आजही त्या गावाची ओळख आहे. परमुलखात गेलेल्यांची भाषा दोनतीन पिढ्यांत पातळ होते, तवा मात्र चुलीवर राहतो.

तो राहील की नाही, हा प्रश्न आता थाटीपुरातही येऊन ठेपला आहे. बिडाचे पात्र वापरून वापरून गुळगुळीत होते. पिढ्यान् पिढ्यांचे तेल त्याच्या अंगात मुरते आणि मग आप्पा खळग्यातून बोटभर तेलातही अलगद सुटतो. नवे पात्र पहिले काही घाणे हमखास चिकटवते. न चिकटणाऱ्या लेपाची हलकी पात्रे बाजारात आल्यापासून ही तपश्चर्या कोणाला नको आहे, आणि त्यात आश्चर्य नाही. परंतु लेप काही वर्षांत उडतो आणि पात्र टाकावे लागते. ते लेकीला देण्याजोगे उरत नाही. घर वाटले जाते तेव्हा दागिने तोलून वाटता येतात, कृती कागदावर उतरवून चौघांना देता येते. आप्पेपात्र मात्र एकच असते. मुलगा पुण्यास, मुलगी इंदुरास, धाकटा परदेशात. जड म्हणून सामानात ते कोणी घेत नाही, आणि एखाद्या दिवशी ते भंगारात वजनावर जाते.

ते आधी मागून घ्यावे. गंजले असेल तर चिंचेने घासावे, धुऊन लगेच कोरडे करावे, तेल लावून मंद आंचेवर तापवावे आणि थंड होऊ द्यावे. असे चारपाच वेळा केले की पात्र पुन्हा कामाला लागते. पहिला घाणा तरीही चिकटेल. तो मुलांना द्यावा. खरवडलेले तुकडे त्यांना अख्ख्या आप्प्यांपेक्षा अधिक आवडतात.