खडकावरची शिकारी गोगलगाय

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर सुमारे तीन सेंटिमीटर लांबीची एक गोगलगाय आढळते. तिची चाल मंद, परंतु वृत्ती शिकाऱ्याची. खडकाला चिकटलेल्या शिणाण्याचे कवच ती पायातील ग्रंथीच्या रसाने मऊ करते, दातेरी जिभेने खरवडते, आणि एक वाटोळे छिद्र पाडून त्यातून सोंडेने आतील मांस खाते. या कामी तिचे दिवसच्या दिवस जातात.

१७५८ साली लिनियसने तिला 'बक्सिनम लॅपिलस' हे नाव दिले. 'लॅपिलस' म्हणजे लहानसा खडा. पुढे शास्त्रज्ञांनी तिला 'पर्प्युरा' व 'थाइस' या प्रजातींत घातले. अखेरीस १७९८ साली रोडिंगने निर्माण केलेली 'न्यूसेला' हीच प्रजाती मान्य झाली. इतकी घरे का बदलावी लागली? कारण शंख हा फसवा साक्षीदार आहे. लाटांच्या माऱ्यात तो आखूड व रुंद तोंडाचा होतो. निवाऱ्याच्या जागी, जेथे खेकड्यांचे भय अधिक, तेथे तोच लांबट, जाड व अरुंद तोंडाचा होतो. रंगही कोठे पांढरा, कोठे पिवळा, कोठे पट्टेरी. म्हणून अभ्यासक शंखाच्या आत वळले. मृदू अवयव व दंतपट्टी तपासून १९९३ साली या प्रजातीचे स्थान म्युरिसिडी कुलातील 'ओसिनेब्रिनी' या उपकुलात ठरविण्यात आले.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. १९७० साली प्लिमथ येथील माद्यांच्या अंगी नराचा अवयव उगवल्याचे नोंदले गेले. शंख बाहेरून धडधाकट. दोष दिसला तो आत पाहिल्यावरच. पुढे कारण उमगले: जहाजांच्या तळाला लावण्याच्या रंगातील कथिलयुक्त विष. हा विकार बळावला की अंडी बाहेर पडण्याची वाट बुजे आणि मादी वांझ होई. या जातीची पिले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. खडकावरील अंडकोशांतून निघून तेथेच सरपटू लागतात. त्यामुळे एका किनाऱ्यावरील वंश बुडाला की दुसरीकडून तो लवकर भरून येत नाही.

ब्रिटनने १९८७ साली लहान नौकांवर त्या रंगास बंदी केली. २००८ साली आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. त्यानंतर अनेक खडकांवर ही गोगलगाय पुन्हा दिसू लागली. जीवाचे कूळ व त्याचे दुखणे, दोन्ही कवचाआड असतात. आत डोकावण्याचे कष्ट घेणाऱ्यांमुळेच त्या लहानशा खड्याचे नाव ठरले, आणि त्याचा वंशही वाचला.