आमची डुक्कर फियाट

आमच्या घरी बारा वर्षे एक डुक्कर होते. दचकू नका. हे डुक्कर पेट्रोल पीत असे, त्याला चार चाके होती आणि त्याची नोंद रीतसर सरकारदफ्तरी होती. ज्यांनी जुनी मुंबई पाहिली आहे, किंवा ज्यांच्या तालुक्याच्या गावी एखादे जुने डॉक्टर किंवा वकील होते, त्यांच्या लगेच लक्षात आले असेल. मी बोलतो आहे ते फियाट 1100 या मोटारीच्या एका जुन्या अवताराबद्दल. फुगीर पाठ, गोलसर नाक आणि बसका बांधा यांमुळे आपल्याकडे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले आणि ते कायमचे चिकटले. बिचारी जन्माने इटालियन. 1953 साली तिकडे प्रथम दिसली आणि पुढच्याच वर्षी मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तिची जोडणी सुरू झाली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभा केलेला. इटलीत तिला ‘अकराशे’ म्हणत, कारण तिचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, म्हणजे अकराशेच्या जवळपास. आपल्या लोकांना आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा वाटला, एवढेच!

पुढे याच घराण्यात ‘प्रीमियर पद्मिनी’ आली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन पिढ्या वाहिल्या. त्यांतली शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ छापून आली. ती वाचली आणि मला पद्मिनीच्या त्या थोरल्या बहिणीची आठवण झाली. म्हणून आजचे हे बोलणे.

मी तेव्हा वाई तालुक्यात, वाईपासून 19 किलोमीटरांवरच्या एका गावी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवीत होतो. मास्तराने मोटार घ्यावी असा तो काळ नव्हता आणि तसा पगारही नव्हता. पण आईचे गुडघे धरले होते. बसच्या उंच पायऱ्या तिला चढवेनात आणि दर पंधरवड्याला तिला दवाखान्यात न्यावे लागे. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहात. ती गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती. 1976 साली साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी आपली वीस वर्षांची फियाट काढली. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज घेऊन साडेपाच हजारांना ती मी आणली. गावात शिरलो तेव्हा पारावरची मंडळी उठून उभी राहिली. मला वाटले, मानासाठी उठली. पण एक म्हातारबा म्हणाले, “गुरुजी, ब्रेक हायती न्हवं?”

ब्रेक होते. नव्हती ती बॅटरी. म्हणजे डबा होता, पण त्यात जीव नव्हता. नवी घ्यायची तर महिन्याच्या पगारातले फारसे काही उरले नसते. तेव्हा गाडी ढकलून सुरू करायची, हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेले. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, मागून पाचसहा जणांनी रेटायचे आणि वेग आला की क्लच झटक्यात सोडायचा. चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन जागे होते. रोज संध्याकाळी शाळा सुटली की नववी-दहावीची मुले धावत येत. त्यांना तो खेळ होता. वर्गात ज्याने गृहपाठ केला नसेल त्याला मी ढकलायला घेत नसे. ही शिक्षा छडीपेक्षा जास्त लागू पडली, हे शिक्षक श्रोत्यांना मुद्दाम सांगतो. गाडीचा एकच नियम होता: एकदा सुरू झाली की मुक्कामापर्यंत थांबवायची नाही. त्यामुळे वाटेत कोणी हात केला तर त्याला चालत्या गाडीतूनच उत्तर द्यावे लागे आणि अर्ध्या तालुक्यात माझी ‘मोटार आली नि गुरुजी फुगले’ अशी बदनामी झाली.

नावाचा घोटाळा तर विचारूच नका. एकदा शाळेच्या तपासणीला साहेब आले. मधली सुटी होती आणि मी रेडिएटरला पाणी हवे म्हणून गाडी ओढ्यावर नेली होती. साहेबांनी माझी चौकशी केली. आमचे शिपाईमामा सरळ माणूस. त्यांनी अदबीने सांगितले, “गुरुजी डुकराला पाणी पाजाया वढ्यावर गेल्यात, साहेब.” मी परत आलो तो साहेबांनी मला प्रथम बसवून घेतले आणि मोठ्या सहानुभूतीने, शिक्षकांनी जोडधंदा करावा की करू नये, यावर पाच मिनिटे समजावले. मला काहीच उमजेना. शेवटी त्यांना बाहेर नेऊन ते डुक्कर दाखवले. जाताना साहेबांनीही ढकलायला हात लावला, एवढे मात्र खरे.

आता तिच्या दारांविषयी. हल्लीच्या मोटारींची दारे पुढच्या बाजूला बिजागरीवर असतात. आमच्या डुकराची पुढची दोन्ही दारे मधल्या खांबाला बिजागरीने टांगलेली आणि कडी पुढे, म्हणजे कपाट उघडावे तशी उलटी उघडत. आईला हे फार सोयीचे होते. नऊवारीत ती पाठ करून टेकायची, पाय आत घ्यायची आणि झाले. पण अशा दाराची कडी झिजली, की चालत्या गाडीत वारा आत शिरतो आणि दार पंखासारखे पुरते उघडते. वीस वर्षांत कडी झिजणारच. त्यात दार बनवणाऱ्याचा दोष नाही, ती न बदलणाऱ्याचा आहे. तो मीच.

एकदा मी, मंडळी आणि आई वाईच्या बाजाराला निघालो होतो. पुढची बैठक बाकासारखी सलग, त्यामुळे आम्ही तिघेही पुढेच. रस्त्यात कडब्याने भरलेली बैलगाडी होती. तिला मागे टाकायला मी उजवीकडून घेतले आणि नेमके बैलगाडीशेजारी आल्यावर डावे दार उघडले. बाहेर लोंबणारा कडबा त्या दाराने जो कवेत घेतला, तो सरळ आईच्या मांडीवर! एक अख्खी पेंढी. दार थोडे वाकले, आई ज्वारीच्या धाटांत दिसेनाशी झाली आणि मंडळी ओरडल्या, “अहो, थांबवा की!” मी म्हटले, “थांबवली तर ढकलणार कोण?” मागून बैलगाडीवाल्याचा आवाज आला, “गुरुजी, डुकराला कडबा चालतो व्हय?” हा गृहस्थ आपल्याला पुन्हा भेटणार आहे. त्या दिवसापासून पुढच्या दोन्ही दारांना आतून काथ्याचा दोर बांधला. आई तो हातात धरून बसे, बैलांचा कासरा धरावा तसा.

मिस्त्रींबद्दल सांगितले नाही तर कृतघ्नपणा होईल. वाईत एका चिंचेखाली त्यांचे दुकान. दुकान म्हणजे एक पेटी, दोन पाने, एक पक्कड आणि कान. गाडी यायच्या आधी तिचा आवाज ऐकून ते सांगत, “पॉइंट जळालेत.” पॉलिश कागदाच्या एका चिठोऱ्याने ते पॉइंट घासत आणि माझ्याकडून एक रुपया घेत. एकदा मी विचारले, “मिस्त्री, रुपयात भागतं कसं?” ते म्हणाले, “सर, तुमची गाडी हाय तंवर पोरं शाळा शिकत्याल. दर आठवड्याला येताच की तुमी.”

पण तिने एकदा मला घाम फोडला, तो प्रसंग सांगायचा आहे. 1978 चा मार्च. शालान्त परीक्षा. आमच्या शाळेचे केंद्र वाईला, पेपर 11 वाजता, त्या दिवशीचा विषय गणित. आमच्या गावाची सात मुले सकाळच्या बसने जायची होती. बस आलीच नाही. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. त्या सातांत एकच मुलगी होती. तिच्या वडिलांना मुळात तिने दहावीला बसणेच मान्य नव्हते. आईच्या हट्टामुळे कबूल झाले होते, तेही एवढ्यावर की, “एकडाव बसू दे. चुकली तर पुन्हा न्हाई.” बस येत नाही म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “नशीब. चल घरी.” हे गृहस्थ म्हणजे आपले कडब्याचे मालक.

मी म्हणालो, “थांबा, मी नेतो.” ते माझ्या गाडीकडे पाहून हसले. त्या हसण्याचा मला राग आला नाही, कारण मलाही खात्री नव्हती.

पुढे मी, ती मुलगी आणि एक मुलगा, मागे पाच. दोराची दोन्ही टोके दोघांच्या हातात. गावाने ढकलले, गाडी सुरू झाली. तिचे इंजिन अवघ्या 36 अश्वशक्तीचे. आठ माणसे घेऊन खिंडीचा चढ आला. गिअरची दांडी तिच्या स्टेअरिंगखाली असे आणि पहिला गिअर चालत्या गाडीत सहजी पडत नसे; त्यासाठी वेग अगदी मारावा लागे. तसा तो पाडला आणि आम्ही गोगलगायीसारखे चढू लागलो. खिंडीचा माथा दोनशे पावलांवर असताना इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले. पावणेदहा वाजले होते.

मी बॉनेट उघडले. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिन फार तापले की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. तो नुसता आतल्या आत धडपडतो. उपाय एकच, पंप थंड करणे. त्यासाठी मंडळी डिकीत नेहमी पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या आणि गोणपाटाचा तुकडा ठेवीत. तांब्या होता. गोणपाट नव्हते, आदल्या दिवशी मीच त्याने काच पुसून ते वाळत घातले होते. मी इकडेतिकडे पाहू लागलो. तेवढ्यात ती मुलगी तांब्याची फिरकी उघडत मुलांना म्हणाली, “टोप्या काढा की रं!”

सहा पांढऱ्या टोप्या. एकेक भिजवून पंपावर ठेवायची, गरम झाली की दुसरी. ती पाणी ओतीत होती आणि तोंडाने प्रमेये म्हणत होती. मुले घड्याळ विचारीत होती. मी दहा मिनिटे कमी करून सांगत होतो. मास्तराने खोटे बोलू नये, पण माझे हात कापत होते. माझ्या डोळ्यांसमोर पेपर नव्हता; तिच्या वडिलांचे ते शांत ‘नशीब’ होते.

वीस मिनिटांनी मी म्हटले, “आता रेटा.” सहा मुले मागे. ती स्टेअरिंगच्या बाजूला उतरून दाराच्या खांबाला खांदा लावून उभी राहिली. चढावर ढकलून गाडी सुरू होत नाही, हे मी त्यांना विज्ञानाच्या तासाला सांगितले होते. ते विसरून त्यांनी ती माथ्यापर्यंत इंच इंच नेली. मध्ये मध्ये चाकाखाली धोंडा लावायचा, दम घ्यायचा. माथ्यावर आली, सगळे आत कोंबले गेले आणि उतारावर ती आपली आपण धावू लागली. क्लच सोडला, इंजिन बोलले. वाईच्या केंद्राच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकराला आठ मिनिटे कमी होती. गाडी चालूच ठेवून मुलांना उतरवले. वर्गावर नजर ठेवणारे शिक्षक नंतर मला म्हणाले, “तुमच्या शाळेच्या टोप्या काळ्या कधीपासून?”

ती उत्तीर्ण झाली. गणितात 61 गुण. निकालाच्या दिवशी तिचे वडील आमच्या दारी आले. काही बोलले नाहीत. खांद्यावरची कडब्याची पेंढी त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि गेले. धाकटी मुलगी त्यांनी पुढच्या वर्षी आपणहून शाळेत आणून सोडली.

1988 साली आई गेली. गाडी दाराशी नुसती उभी राहू लागली. पत्रा खायला लागला. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी जुन्या गाड्या जमवायचा छंद धरला होता. त्यांना ती हवी होती. ते आले, भोवती फिरले, दोर पाहून हसले आणि म्हणाले, “स्टार्ट कशी करता?” मी म्हटले, “गाव करतं.”

शाळा सुटायची वेळ होती. मुले आली. मी नेहमीच्या सवयीने स्टेअरिंगकडे निघालो आणि तिथे ते गृहस्थ बसलेले दिसले. मग मागे गेलो. बारा वर्षांत या गाडीला मी एकदाही ढकलले नव्हते. पाठीवरचा तो फुगीर पत्रा हाताला ऊन ऊन लागला. रेटली. तिसऱ्या झटक्याला इंजिन बोलले. त्यांना नियम नीट सांगितलेला होता, त्यामुळे ते थांबले नाहीत. खिडकीतून हात हलवला आणि धुरळा उडवीत खिंडीकडे निघून गेले. मी हात झाडीत उभा होतो. इतक्यात घरातून मंडळी धावत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, माझा फिरकीचा तांब्या डिकीतच गेला की!”